छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये लावायला कॅमेरा कुठला घ्यावा?

तिरफळ (म्हापसा)

नमस्कार मंडळी. मी मूळचा म्हापशाचा, सध्या घाटावरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये सेसना १७२ वर शिकतोय. ६२ तास झालेत. चतुर्थीला घरी आलोय, तोवर एक खरेदी उरकायचीय म्हणून हा धागा.

अडचण लँडिंगची आहे. दर वेळी सर म्हणतात, "फ्लेअर उशिरा केलास." (फ्लेअर म्हणजे चाकं टेकण्याआधी विमानाचं नाक हळूच उचलणं.) मला वाटतं, वेळेवर केला. दोघांपैकी एकाचं चुकतंय आणि तासाचे पैसे मी भरतोय. म्हणून कॉकपिटमध्ये कॅमेरा लावून नंतर दोघांनी बसून बघायचं असं ठरलंय. सरांची हरकत नाही, शाळेकडे लेखी अर्ज दिलाय.

बजेट ३० हजारांच्या आसपास. गोप्रो हीरो १३, ऑस्मो ॲक्शन ५ प्रो आणि इन्स्टा३६० एक्स४ यांत अडकलोय. यूट्यूबवर सगळे सायकल आणि सर्फिंग दाखवतात, विमानातलं कोणी सांगत नाही. कोणी वापरलाय का?

झुआरीकाठ

अंधारात चांगलं टिपतो म्हणून ॲक्शन घ्या, सेन्सर मोठा आहे. विषय संपला.

(म्हापशात असाल तर शुक्रवारच्या बाजारात बघा, चवरीसाच्या शेजारी मिळेल.)

मोपाच्या_कुंपणाबाहेर

३६० घ्या. एकदा लावला की चारही बाजू मिळतात, कुठं रोखायचा याची चिंता नाही, फ्रेम घरी बसून निवडायची. मी मोपाला विमानं टिपतो, तिथं एक्स४ नेहमी बरोबर असतो. कॉकपिटचा अनुभव मात्र शून्य.

माटोळी

तिरफळ, तुमच्या तिन्ही पर्यायांत कॅमेऱ्याचा विचार झालाय, आवाजाचा झालेला नाही. माझा परवाना न्यूझीलंडचा आहे, तिथं दोन वर्षं दर उड्डाण चित्रित करायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकला कॉकपिटमध्ये फक्त इंजिन ऐकू येतं. तुम्ही, सर, टॉवर, सगळं त्या घरघरीखाली गाडलं जातं. मी पहिले तीन महिने असंच चित्रण केलं. बघायला छान, शिकायला कुचकामी. लँडिंगमध्ये सर "आता" कधी म्हणाले आणि तुमचा हात कधी हलला, हे कळल्याशिवाय तुमचं भांडण मिटणार नाही.

आवाज घ्यायचे तीन मार्ग आहेत. एक, हेडसेट आणि पॅनेलच्या मध्ये लागणारी वायर. छोट्या विमानात हेडसेटला दोन पिना असतात, एक ऐकण्याची आणि एक जरा बारीक, माइकची. ही वायर ऐकण्याच्या पिनेत बसते आणि तिथून एक फांदी कॅमेऱ्याला जाते. हिच्यात आवाज बारीक करणारा रोधक असलाच पाहिजे, नाहीतर माइकच्या इनपुटला हेडसेटचा जोर झेपत नाही आणि सगळं फाटकं येतं. एनफ्लाइटकॅमसारख्या अमेरिकन कंपन्या अशा तयार वायरी विकतात. फक्त कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लागतो का आणि त्यासाठी वेगळा अडॅप्टर किंवा मॉड (कॅमेऱ्यावर चढवायचा जोडभाग) घ्यावा लागतो का, हे आधी बघा. बजेट तिथंच खचतं.

दोन, गरिबांचा मार्ग. कॉलरला लावायचा साधा माइक हेडसेटच्या कपात, कानाच्या बाजूला ठेवायचा. कपाच्या आत बाहेरचा आवाज कमी आणि इंटरकॉम स्पष्ट असतो. तार बारीक हवी, नाहीतर गादीला फट पडते आणि इंजिन आत शिरतं.

तीन, हाच माइक कॅमेऱ्याला न जोडता खिशातल्या छोट्या रेकॉर्डरला जोडायचा आणि घरी दोन्ही जुळवायचं. इंजिन सुरू करण्याआधी हेडसेटच्या माइकवर तीनदा टकटक करा. कॅमेऱ्यात बोट दिसतं, रेकॉर्डरमध्ये आवाज येतो, की झालं जुळवून. मी शेवटी यावरच आले. यात कॅमेरा कुठलाही चालतो.

आणि ३६० बद्दल: दिसायला गंमत आहे, पण लँडिंग तपासताना तुम्हाला वेगाचा काटा वाचता आला पाहिजे. चारी दिशांत पिक्सेल वाटले गेले की तेवढ्या कोपऱ्याच्या वाट्याला फार थोडे उरतात.

लेन्सवाला_फोंडा

माटोळीताईंनी आवाजाचं सांगितलं, मी चित्राचं सांगतो. लग्नांची शूटिंग करतो, विमानात प्रवासी म्हणूनच बसलोय, पण पंखा तो पंखाच.

तुम्ही चित्रण केलंत की समोरचा पंखा केळ्यासारखा वाकलेला दिसेल, पाती हवेत सुटी तरंगताना दिसतील. कॅमेरा बिघडला असं समजू नका. हे कॅमेरे पूर्ण चित्र एका झटक्यात घेत नाहीत, वरून खाली एकेक ओळ वाचत जातात. पहिली ओळ वाचताना पातं एका जागी, शेवटची वाचेपर्यंत ते पुढे गेलेलं. त्यात उन्हात शटर अतिवेगवान झालेलं असतं, म्हणून ती वाकडी पाती कातरून काढल्यासारखी ठळक उमटतात.

हिशेब करून बघा. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या. शटर १/१६०० असेल तर तेवढ्या वेळात पातं जेमतेम ९ अंश फिरतं, म्हणजे गोठलं. १/५० असेल तर २८८ अंश फिरतं आणि दोन पाती मिळून सगळं वर्तुळ भरून टाकतात. मग डोळ्याला दिसते तशी पुसट तबकडी दिसते आणि पलीकडचा रनवेसुद्धा.

आता तुमच्या यादीतल्या कॅमेऱ्यांचं छिद्र लहानमोठं करता येत नाही. आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, आधीच तळाला टेकलेला. म्हणजे उन्हात शटर १/५० वर आणायचं तर उजेडच अडवायला हवा. त्यासाठी एनडी फिल्टर, लेन्सचा गॉगल म्हणा. १/१६०० वरून १/५० म्हणजे ३२ पट, म्हणून एनडी ३२. ढगाळ असेल तर ८ किंवा १६ पुरतो. शटर हातानं बांधून ठेवायचं, ऑटोवर सोडलं की तो पुन्हा पळतो.

घरी सराव करायचा तर टेबलफॅन खिडकीत ठेवा आणि दुपारच्या उन्हात शूट करा. सगळं कळेल.

तिरफळ

लेन्सवाला, आत्ताच फॅनवर करून बघितलं. आई विचारते, "पंख्याचे फोटो कित्याक काढतोस?" खरंच वाकडा दिसतो!

एक शंका, पोलराइझ्ड फिल्टर चालेल का? मित्राकडे पडून आहे.

माटोळी

नको. काचेच्या पडद्यांचं पॅनेल असेल (तुमच्या १७२ ला जी१००० आहे की गोल घड्याळं?) तर पोलराइझ्ड फिल्टरमधून पडदे काळे पडतात. आणि विमानाची समोरची काच प्लास्टिकची असते, तिच्यावर तो इंद्रधनुष्याचे पट्टे काढतो. साधाच एनडी घ्या.

अजून एक, जे कुठल्याच जाहिरातीत सापडणार नाही: स्टॅबिलायझेशन बंद करा. सगळे त्याचीच शेखी मिरवतात, पण कॉकपिटमध्ये ते उलटतं. कॅमेऱ्यातला जायरो विमानाचं वळणं ओळखतो आणि त्याला हादरा समजून फ्रेम उलट सरकवतो. परिणाम असा की तुम्ही डावीकडे बँक केली, म्हणजे विमान कलवलं, की पॅनेल आणि सरांचं डोकं फ्रेममध्ये वाहत जातं, होडीत बसल्यासारखं. क्षितिज सपाट ठेवणारा मोड असेल तर मग विचारूच नका, आकाश जागच्या जागी आणि विमान त्याच्याभोवती फिरतंय. बघून मळमळतं.

तिरफळ

गोल घड्याळं आहेत, माटोळीताई. म्हणजे निदान पडद्यांचा प्रश्न सुटला.

केरीचा_वारा

मी केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करतो. कॅमेरा कुठलाही घ्या, दोरी बांधा. मी एकदा दोरी न बांधता उडालो, कॅमेरा खाली करवंदीच्या जाळीत गेला. तीन दिवस शोधला. करवंदं मिळाली.

आमच्याकडे पडला तर पैसे जातात. तुमच्याकडे पडून रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) पॅडलखाली अडकला तर? सक्शन कप उन्हात सुटतो, हे लिहून ठेवा. काच आतून तापते, रबर मऊ पडतं, आणि वर चढल्यावर गारव्यात पुन्हा आखडतं. लावण्याआधी काच आणि रबर ओल्या फडक्यानं पुसा, उडण्याआधी हातानं ओढून बघा, आणि दुसरी दोरी एखाद्या पक्क्या दांड्याला. कॅमेऱ्याच्या स्टँडला नव्हे, कॅमेऱ्यालाच.

निवृत्त_रडार

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय. दोन गोष्टी राहिल्यात, त्या म्हाताऱ्यानं सांगायच्या असतात.

पहिली, परवानगी. विमान नियम १९३७ मधला नियम १३ वाचा. सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून छायाचित्रण करायचं तर नागरी विमान वाहतूक महासंचालकांची (डीजीसीए) लेखी परवानगी लागते. १९३४ चा कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे, पण म्हणून जुना नियम हवेत विरघळला असं नाही. प्रवाशांना काही सवलत दिलेली आहे, ती तुमच्या पॅनेलवरच्या कॅमेऱ्याला लागते असं गृहीत धरू नका. शाळेकडे अर्ज दिलात हे उत्तम. उत्तर लेखी येईपर्यंत कॅमेरा बॅगेत.

आणि कधी क्रॉसकंट्रीला (लांबच्या सराव-उड्डाणाला) गोव्याकडे आलात तर दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. नागरी टर्मिनल ही त्यातली पाहुणी खोली. तिथं मिग-२९के उभी असतात. कॅमेरा बंद ठेवायचा नाही, काढून ठेवायचा. बंद कॅमेरा आणि चालू कॅमेरा बाहेरून सारखाच दिसतो.

दुसरी, होकायंत्र. सेसनात ते कुठं असतं? समोरच्या काचेच्या मध्यावर, वर. आणि कॅमेरा लावायला सगळ्यांना आवडणारी जागा कुठली? तीच. आजकाल बऱ्याच कॅमेऱ्यांचे बेस चुंबकी असतात, माइकच्या क्लिपासुद्धा. माझ्या एका विद्यार्थ्यानं असा बेस काचेवर चिकटवला होता. आम्ही रनवे २७ वर (म्हणजे दिशा २७० अंश) रांगेत उभे, नाक बरोबर मध्यरेषेवर, आणि होकायंत्र म्हणतंय २५०. त्यानं निघण्याआधी पॅनेलवरचा दिशादर्शक त्याच होकायंत्रावर जुळवला होता, म्हणजे चूक दोन्हीकडे पोचली. रनवेचा आकडा समोर होता म्हणून सापडली. आकाशात सापडली नसती. तेव्हा विकत घ्यायच्या आधी बेसमध्ये चुंबक आहे का बघा आणि असेल तर होकायंत्रापासून हातभर लांब. लावून, काढून, दोन्ही वेळा काटा बघा.

अवांतर: दाबोळीची धावपट्टी पोर्तुगिजांच्या वेळची. मी लहानपणी वास्कोहून ती बघायला जायचो. तेव्हा कुंपणही नव्हतं.

झुआरीकाठ

काका, अवांतराचा वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल.

बाकी मी माझा "विषय संपला" मागे घेतो.

मोपाच्या_कुंपणाबाहेर

मीही ३६० मागे घेतो. पण एक विचारतो, पॉवरचं काय? गोव्याच्या उन्हात माझा कॅमेरा ४के वर पाऊण तासात तापून बंद पडतो.

माटोळी

कॉकपिटमध्येही तेच, आणि तेही उडण्याआधी. जमिनीवर दारं बंद करून टॅक्सी करताना काचेखाली भट्टी पेटते. वर गेल्यावर हवा लागते आणि ठीक होतं. म्हणून ४के ६० चा (सेकंदाला ६० फ्रेमचा) हट्ट सोडा. लँडिंग तपासायला १०८० सुद्धा पुरतं, काटे वाचायचे म्हणून मी ४के ३० घ्यायचे. कॅमेऱ्याचं वायफाय बंद ठेवा, तेही तापवतं.

बॅटरीपेक्षा बाहेरून वीज दिलेली बरी, पण विमानाच्या सिगारेट लायटरला गाडीचा स्वस्त चार्जर लावू नका. बऱ्याच १७२ मध्ये यंत्रणा २८ व्होल्टची असते (१९७८ पासूनच्या), जुन्या विमानांत १४. फक्त १२ व्होल्टसाठी बनवलेला चार्जर तिथं जळतो. आणि जळला नाही तरी रेडिओत खरखर घालतो. आमचा व्हीएचएफ रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, स्वस्त चार्जरचा गोंगाट नेमका तिथं सांडतो. मी एकदा टॉवरला तीनदा "पुन्हा सांगा" म्हणाले, मग चार्जर उपटला आणि आवाज काचेसारखा स्वच्छ. त्यानंतर पॉवर बँक, सीटच्या खिशात, हाताला लागेल अशी. तापतेय का हे अधूनमधून हातानं बघायचं.

कार्डाचा हिशेब: १०० मेगाबिट्सचं रेकॉर्डिंग म्हणजे तासाला ४५ जीबी. १२८ चं कार्ड घेऊन दीड-दीड तासाच्या दोन सॉर्टीला (उड्डाणांना) गेलात तर दुसरी अर्धवट राहणार, आणि राहणार तो शेवट, म्हणजे लँडिंग. व्ही३० (कार्डाच्या वेगाचा दर्जा) लिहिलेलं घ्या.

निवृत्त_रडार

माटोळी, छान. एकच भर: कॅमेरा सुरू करायचा तो इंजिनाच्या आधी, बंद करायचा तो इंजिनाच्या नंतर. मध्ये हात लावायचा नाही. लाल दिवा लागलाय का बघायचं नाही, वाकडा झालाय तर सरळ करायचा नाही. सुटला तर विमान उडवायचं.

हे मी उगाच कडक होऊन सांगत नाही. ३१ मे २०१४ ला अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये वॉटकिन्सजवळ एक सेसना १५० रात्री पडलं, दोघे गेले. मलब्यात गोप्रो सापडला. अपघाताच्या उड्डाणाचं चित्रण त्यात नव्हतं, पण आधीच्या उड्डाणांचं होतं. त्यात पायलट आणि प्रवासी मोबाइलवर सेल्फी काढताना, कॉकपिटमध्ये फ्लॅश मारताना दिसले. तिथल्या एनटीएसबीनं (अपघात तपासणारी सरकारी संस्था) कारण लिहिलं: रात्रीच्या ढगाळ हवेत दिशाभ्रम आणि स्टॉल (पंखांची उचल सुटणं), आणि त्याला हातभार कमी उंचीवर मोबाइलमुळे विचलित झालेल्या लक्षाचा. गोप्रो बिचारा गप्प बसून बघत होता, हात लागत होता तो मोबाइलला. पण तुमच्या कॅमेऱ्यालाही पडदा आहे आणि तुम्हालाही बोटं आहेत.

लेन्सवाला_फोंडा

रडारकाका, लग्नात आम्हीसुद्धा मंगलाष्टकं सुरू झाली की सेटिंगला हात लावत नाही. चुकलं तर चुकलं.

तिरफळ, लावणार कुठं ते सांगा. त्यावर लेन्स ठरेल.

तिरफळ

विचार चालू आहे. काचेवर लावावा असं वाटत होतं, ते काकांनी मोडीत काढलं. आता दोन्ही सीटच्या मध्ये, मागे, छताजवळ?

माटोळी

तीच जागा. डोक्यांच्या मधून पॅनेल, हात आणि समोरचा रनवे, तिन्ही एका फ्रेममध्ये येतात. क्लॅम्प प्लास्टिकच्या पट्टीला लावू नका, ती थरथरते आणि चित्र जेलीसारखं हलतं. धातूचा दांडा शोधा. मागच्या सीटवर कोणी बसलं असेल तर त्याच्या डोक्याचा विचार करा. आणि एक्स्पोजर बाहेरच्या उजेडावर बांधा, आतलं थोडं काळं राहू दे. उलट केलंत तर रनवे पांढऱ्या भिंतीसारखा येतो आणि सगळा उद्योग पाण्यात.

बाहेर, पंखाखाली किंवा स्ट्रटला (पंखाच्या टेकूला) लावायचा मोह कधी झालाच तर तो विमानात केलेला बदल ठरतो. शाळेचे इंजिनिअर आणि डीजीसीए दोघांना विचारल्याशिवाय नाही. शिकाऊ असताना तर नाहीच.

केरीचा_वारा

आणि दोरी.

तिरफळ (पाच आठवड्यांनंतर)

मंडळी, देव बरें करूं. परवानगी आली (अटींसह, रनवेखेरीज बाकी विमानतळ दिसणारा भाग कापून टाकायचा आणि चित्रण कुठंही टाकायचं नाही, म्हणून इथं क्लिप देता येत नाही). सात लँडिंगं चित्रित झाली.

काय लावलं ते सांगतो. कॅमेरा मागे, धातूच्या दांड्याला, एक दोरी कॅमेऱ्याला, एक क्लॅम्पला. एनडी ३२, एका ढगाळ सकाळी १६. शटर १/५०, स्टॅबिलायझेशन बंद. होकायंत्र लावून-काढून बघितलं, हललं नाही. आवाज माटोळीताईंच्या तिसऱ्या मार्गानं: कॉलर माइक माझ्या डाव्या कपात, रेकॉर्डर शर्टाच्या खिशात. पहिल्या दिवशी रेकॉर्डरचं बटण दाबायला विसरलो, म्हणून सातांतल्या दोन लँडिंगांना फक्त घरघर आहे.

आता भांडणाचा निकाल. सर म्हणत होते उशिरा, मी म्हणत होतो वेळेवर. चित्रात हात वेळेवरच हलतोय, म्हणजे मी जिंकलो असं वाटलं. मग सरांनी रिवाइंड केलं आणि म्हणाले, हाताकडे नको, डोक्याकडे बघ. रनवेच्या उंबरठ्यावरून आत आलो की माझं डोकं दर वेळी खाली झुकतं. मी नाकापुढची दहा मीटर जमीन बघतोय. तिथं बघितलं की उंची कळतच नाही, मग हात वेळेवर हलूनही कमी हलतो आणि चाकं आपटतात.

खरी गंमत आवाजात आहे. आवाज असलेल्या पाच लँडिंगांत सर चार वेळा म्हणालेत, "लांब बघ." शांतपणे, स्पष्ट, माझ्या कानात. मला त्यातलं एकही आठवत नाही. म्हणजे ऐकू आलं आणि विसरलो असं नव्हे, आलंच नव्हतं. मी सरांना म्हणालो, हे तुम्ही नंतर घातलंत का? ते नुसते हसले.

आणखी एक, वर चढताना चेंडू (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारा पॅनेलवरचा) सगळा वेळ उजवीकडे. उजवा पाय मी टॅक्सीला वापरतो आणि मग रजेवर पाठवतो, असं दिसतंय.

माटोळी

हे "ऐकूच आलं नव्हतं" प्रत्येकाचं होतं. माझ्या पहिल्या क्रॉसविंड (आडव्या वाऱ्यातल्या) लँडिंगात इन्स्ट्रक्टर ओरडल्या होत्या. मी शपथेवर सांगितलं असतं की त्या गप्प होत्या.

निवृत्त_रडार

विद्यार्थ्याचं मन भरलं की कान आधी बंद होतात. म्हणून मी दोनच शब्द बोलायचो. बाकीचं चहावर.

तिरफळ, पुढच्या वेळी नजर रनवेच्या पलीकडच्या टोकावर. जमीन नजरेच्या कडांतून वर येताना जाणवेल.

लेन्सवाला_फोंडा

पंखा कसा आला?

तिरफळ

पुसट तबकडी, तुम्ही म्हणालात तशी. ढगात शिरता शिरता चित्र काळं पडलं तेवढंच. ३२ चा फिल्टर आता उन्हाळ्यापर्यंत लागणार नाही, कोणाला हवा असेल तर चतुर्थीचा भाव लावतो.

झुआरीकाठ

सगळं वाचलं. पण शेवटी कॅमेरा कुठला घेतलात ते सांगितलंच नाहीत की!

तिरफळ

अरे हो. घेतलाच नाही. मामेभावाकडे हीरो ७ पडून होता, वागातोरच्या खडकांवर आपटलेला. शटर बांधता येतं, स्टॅबिलायझेशन बंद होतं, बस्स. आवाज वेगळाच घ्यायचा होता. बजेटमधले थोडे पैसे रेकॉर्डर, माइक, क्लॅम्प आणि फिल्टरला गेले, उरलेल्यांचा दीड-दोन तास उडून घेईन.

काचेवर एक चरा आहे, पण तो खालच्या कोपऱ्यात येतो, फ्युएल सिलेक्टरवर (इंधनाची टाकी निवडायच्या खटक्यावर). तिकडे मी तसाही लँडिंगला बघत नाही.

निवृत्त_रडार

बघायला हवं. लँडिंगच्या आधीच्या चेकमध्ये आहे ते.